मागे घेतलेला अर्ज

प्लेटोने ‘रिपब्लिक’ या ग्रंथात जे नगरराज्य वसविले ते पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही. ते केवळ शब्दांत वसविलेले आहे, हे त्याच ग्रंथात कबूलही केलेले आहे. परंतु ते राज्य उभारताना नेतृत्वासाठी झोंबणाऱ्या माणसांचे जे चित्र त्याने रेखाटले, ते मात्र कल्पित वाटत नाही. ग्रंथाच्या सहाव्या भागात एक जहाज येते. जहाजाचा मालक अंगापिंडाने सर्वांहून थोराड, पण कानांनी थोडा बहिरा, दृष्टीने अधू आणि नौकानयनाचे ज्ञानही यथातथाच. खलाशी सुकाणूवरून आपसांत भांडत आहेत. त्यांपैकी एकानेही ती विद्या संपादन केलेली नाही. किंबहुना ती शिकता येण्याजोगी गोष्टच नव्हे, असा त्यांचा दावा आहे. मालकाला मद्य पाजून गुंगविले की कोठार आपले आणि जहाजही आपले. जो खरा तांडेल आहे, ज्याला ऋतू, वारे आणि नक्षत्रे कळतात, त्याला ही मंडळी आकाशाकडे बघत बसणारा बडबड्या ठरवून मोकळी होतात.

यावर प्लेटोचा तोडगा प्रसिद्ध आहे. ज्या नगरात राज्य करणारे राज्य करण्यास सर्वांत कमी उत्सुक असतात, तेथील कारभार सर्वांत चांगला चालतो, असे तो सातव्या भागात म्हणतो. सज्जन माणूस अधिकार स्वीकारतो तो हौसेने नव्हे. आपण नाकारला तर आपल्याहून हीन माणसाच्या आज्ञेत राहावे लागेल, या भयाने स्वीकारतो, हे तर त्याने पहिल्याच भागात सांगून ठेवले आहे. थोडक्यात, पदाची इच्छा हीच पदासाठी अपात्रता.

हा विचार आपल्याला परका वाटत नाही, कारण आपण भरताची गोष्ट ऐकत वाढलो. चालून आलेले राज्य नाकारून पादुका सिंहासनावर ठेवणारा आणि चौदा वर्षे नंदिग्रामात राहणारा भरत आपल्या मनात इतका खोल रुजला आहे की, ‘मला हे पद हवे आहे’ असे कोणी उघडपणे म्हणाला की आपल्याला त्याच्यामागे कैकेयी दिसू लागते. म्हणून आपल्या संस्थांमधून कोणीही स्वतःहून अध्यक्ष होत नाही. तो ‘सर्वांच्या आग्रहास्तव’ होतो, ‘इच्छा नसताना’ होतो आणि मुख्य म्हणजे ‘बिनविरोध’ होतो.

मला प्रश्न पडतो तो येथे. कल्पित राज्यात कोण खरोखर अनुत्सुक आहे हे ग्रंथकर्त्याला ठाऊक असते. वाल्मीकीला भरताचे मन दिसते, आपल्याला दिसत नाही. खऱ्या देशात, खऱ्या पक्षात, खऱ्या मंडळात अनुत्सुकता सिद्ध कशी करावयाची? ती दाखवावी लागते. आणि जी गोष्ट दाखवावी लागते ती थोड्याच दिवसांत दाखविण्यापुरती उरते. मग इच्छा नाहीशी होत नाही, ती आतल्या खोलीत जाते. तेथे कोणीतरी कोणाला तरी भेटते, कोणीतरी कोणाची तरी समजूत काढते, आणि बाहेर सभागृहात टाळ्या होतात. हे सारे स्पर्धेपेक्षा अधिक नैतिक आहे, असे आपण धरून चालतो. ते तसे आहे काय?

आमच्या वडोदऱ्याहून सुरत गाडीने दोन-अडीच तासांवर. १९०७ च्या डिसेंबरात तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि उधळले, हे आपण शाळेत एका वाक्यात शिकतो. जहाल आणि मवाळ यांच्यात तत्त्वांचा वाद होता हे खरे आहे. पण ठिणगी पडली ती अध्यक्ष कोण, यावर. अधिवेशन मुळात नागपुरास व्हावयाचे. तेथे जहालांचे बळ वाढले तेव्हा ते सुरतेस हलविण्यात आले. सुरत मुंबई इलाख्यात, आणि यजमान प्रांतातील माणसाने अध्यक्ष होऊ नये असा संकेत, म्हणजे टिळकांचे नाव आपोआपच बाद झाले. टिळकांनी लाला लजपतराय यांचे नाव पुढे केले. लालाजींनी ते स्वीकारले नाही. मवाळांनी रासबिहारी घोष यांना निश्चित केले होते आणि रीतीप्रमाणे ते एकमताने निवडून आले आहेत असेच मानावयाचे होते. पहिला दिवस गोंगाटात बुडाला. दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबरला, टिळकांनी आपल्याला अध्यक्षीय निवडीवर बोलावयाचे आहे अशी चिठ्ठी स्वागताध्यक्षांना पाठविली. तिला उत्तर आले नाही. तेव्हा ते स्वतःच व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. मी आता येथून हलणार नाही, असा तो पवित्रा होता.

पुढचा प्रसंग हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवला आहे. मंडपातून एक जोडा भिरभिरत आला. टोक वळलेला, लाल चामड्याचा, अस्सल मराठी जोडा. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला चाटून फिरोजशहा मेहतांना लागला. मग खुर्च्या आणि लाठ्या. अरविंद घोष, ज्यांनी आमच्या येथील महाविद्यालयात कित्येक वर्षे अध्यापन केले होते, तेही त्या मंडपात होते; अधिवेशन मोडण्याचा इशारा टिळकांना न विचारता आपणच दिला होता, असे त्यांनी पुढे कधीतरी नमूद केले. (दोष मात्र आयुष्यभर टिळकांच्या माथी राहिला. नेत्याला आपल्या माणसांनी केलेलेही फेडावे लागते, हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.) या सगळ्या गदारोळात टिळकांच्या अंगावर लोक धावून आले तेव्हा त्यांना वाचविण्यासाठी दोन्ही हात पसरून उभे राहिले ते गोपाळ कृष्ण गोखले. ज्यांचा टिळकांशी उभा दावा, तेच. मला सुरतेच्या कथेत जोड्यापेक्षा हे पसरलेले हात अधिक आठवतात.

त्या दिवशी मते मोजली असती तर काय झाले असते? बहुधा घोषच निवडून आले असते. सुरत हे मवाळांनी विचारपूर्वक निवडलेले ठिकाण होते. टिळक हरले असते. पण हरण्याची सोयच नसल्यामुळे त्यांना व्यासपीठावर उभे राहावे लागले. एकमताची रीत ही विरोधकाला हरवीत नाही, ती त्याला अस्तित्वात नसल्यासारखे करते. आणि अस्तित्वात नसलेला माणूस मग जोड्याच्या रूपाने प्रकट होतो. टिळक आणि गोखले यांच्या अनुयायांना पुन्हा एका मंडपात यावयाला १९१६ चे लखनौ उजाडावे लागले. तोवर टिळक मंडालेचा तुरुंगवास भोगून आले होते आणि गोखले हयात नव्हते.

स्पर्धा होऊ दिली म्हणजे सारे सुरळीत होते असेही नाही. १९३९ च्या जानेवारीत सुभाषचंद्र बोस दुसऱ्यांदा अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा वल्लभभाई पटेल आणि कार्यकारिणीतील अन्य काही सदस्य यांनी त्यांना पत्रकाद्वारे माघार घेण्याचे आवाहन केले. आजवर अध्यक्ष एकमतानेच निवडले गेले, ती परंपरा मोडू नये, असा त्यांचा मुद्दा होता. सुभाषबाबूंचे उत्तर असे की, पक्षात विचारांचे भेद आहेत तर निवडणूकही त्याच भेदांवर व्हावी. ते सुमारे दोनशे मतांनी विजयी झाले. पराभव पट्टाभी सीतारामय्यांचा झाला. गांधीजींनी हा पराभव पट्टाभींपेक्षा आपला अधिक आहे असे जाहीर केले आणि त्या एका विधानाने मतमोजणीचा अर्थच पालटला. कार्यकारिणीतील बहुतेक सदस्य राजीनामे देऊन बाजूला झाले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरले तेव्हा निर्वाचित अध्यक्ष तापाने फणफणलेले, अंथरुणाला खिळलेले. गांधीजी तेथे नव्हतेच, ते राजकोटला होते. अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असा ठराव झाला आणि एप्रिल संपण्याच्या आत सुभाषबाबूंनी राजीनामा दिला.

गांधीजींनी कोणताही नियम मोडला नाही. ते तर पक्षाचे साधे सदस्यही नव्हते. पण जो स्पर्धेत उतरत नाही त्याने स्पर्धेचा निकाल आपल्या अंगावर घ्यावा काय, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. प्लेटोच्या अनुत्सुक शासकाची दुसरी बाजू येथे दिसते. ज्याला पद नको आहे त्याच्याजवळ सत्ता नसते असे नाही. आणि ज्याने पद मागितलेच नाही त्याला मतदानाने पदावरून दूरही करता येत नाही. गांधीजींविषयी पूर्ण आदर बाळगूनच मी हे लिहितो. आमच्या घरात त्यांची तसबीर होती आणि अजून आहे.

आता मोरारजी देसाई. मराठी मनाला या गृहस्थांविषयी प्रेम वाटण्याचे काही कारण नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबाराला बळी पडलेल्यांची आठवण आहे तोवर ते वाटणारही नाही, आणि गुजरातेत राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना तर या विषयावर चारचौघांत बोलताना नेहमीच जपून बोलावे लागले. तरीही एका बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. १९६४ मध्ये नेहरूंच्या निधनानंतर काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांनी खासदारांना आणि मुख्यमंत्र्यांना भेटून मते आजमावली व सर्वांचा कौल लालबहादूर शास्त्रींकडे आहे असे सांगितले. कोणाकडे किती मते, ते आकडे कधी जाहीर झाले नाहीत. मोरारजींनी माघार घेतली; इतकेच नव्हे तर पक्षाच्या सभेत शास्त्रींच्या नावाला अनुमोदन त्यांनीच दिले. दीड वर्षाने शास्त्री ताश्कंदला वारले आणि पुन्हा एकमताची भाषा सुरू झाली, तेव्हा मात्र ते हटून बसले. मते मोजा, असा त्यांचा आग्रह होता. १९ जानेवारी १९६६ रोजी मते मोजली गेली : इंदिरा गांधी ३५५, मोरारजी १६९.

त्या काळी अनेकांनी याला हटवादीपणा म्हटले, पदलालसाही म्हटले. असेलही. पण १६९ हा आकडा शिल्लक राहिला. १९६७ च्या निवडणुकीनंतर इंदिराजींनी त्यांना उपपंतप्रधानपद आणि अर्थखाते दिले ते काही प्रेमापोटी नव्हे. पक्षात त्यांच्यामागे किती माणसे आहेत हे एकदा मोजले गेले होते. १९६४ च्या माघारीने त्यांना असे काही दिले नव्हते.

मला वाटते, नेतृत्वाच्या स्पर्धेचा विचार आपण नेहमी जिंकणाऱ्याच्या बाजूने करतो. तो लायक आहे काय, तो लोभी आहे काय, तो काय करील. प्लेटोही तेच करतो. त्याच्या जहाजावर हरलेल्या खलाशाला फेकून देण्यापलीकडे काही गती नाही. पण स्पर्धेतून खरे काही मिळते ते हरणाऱ्याला. त्याला एक आकडा मिळतो. १९५० मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी पुरुषोत्तमदास टंडन आणि आचार्य कृपलानी यांच्यात लढत झाली हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यात तिसरे उमेदवार आपले शंकरराव देव होते आणि त्यांना २०२ मते पडली, हे फार थोड्यांना. २००० मध्ये सोनिया गांधींना ७,४४८ आणि जितेंद्र प्रसाद यांना ९४. २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२. यांतील ९४ या आकड्याला लोक हसले. मला तो हसण्यासारखा वाटत नाही. साडेसात हजारांच्या लोटात चौऱ्याण्णव माणसांनी गुप्त मतपत्रिकेवर दुसऱ्या नावापुढे खूण केली, आणि ती चौऱ्याण्णव आहेत, एक कमी नाही की एक अधिक नाही, हे नोंदले गेले. बिनविरोध निवडीत ती चौऱ्याण्णव माणसे कोठेच नसतात.

हे सारे मी तटस्थपणे लिहीत आहे असा वाचकांचा समज होऊ नये. १९९४ साली मी आमच्या येथील एका मंडळाचा अध्यक्ष झालो. बिनविरोध झालो. त्या मंडळाचे ग्रंथालय सतरा वर्षे एकहाती सांभाळणारे एक गृहस्थ होते, सारे त्यांना अण्णा म्हणत. ज्येष्ठ मंडळींनी माझे नाव ठरविल्यानंतर तीन दिवसांनी अण्णांनी उमेदवारी अर्ज भरला. मंडळात खळबळ उडाली. दोनशेच्या आतबाहेर सभासद, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या घरी गौरी-गणपतीला जाणारी कुटुंबे, आणि त्यांच्यात मतदान? एका संध्याकाळी तिघे ज्येष्ठ त्यांच्या घरी गेले. मलाही बरोबर नेले, म्हणजे मनात किल्मिष नाही हे दिसावे. अण्णांच्या ओसरीवर झोपाळा होता. मी त्याच्यावर बसलो आणि सबंध वेळ एक अक्षरही बोललो नाही. “घरातल्या घरात मतदान कशाला, अण्णा? बाहेरचे लोक हसतील,” असे एक जण म्हणाले. अण्णांनी विचारले, “मी उभा राहिलो त्यात माझं काय चुकलं, तेवढं सांगा.” कोणी काही सांगितले नाही. वहिनींनी कॉफी आणली. कॉफी संपल्यावर अण्णांनी माघारीच्या कागदावर सही केली. सर्वसाधारण सभेत माझ्या नावाला अनुमोदन त्यांनी दिले, आणि मोठ्या टाळ्या पडल्या. पुढच्या तीन महिन्यांत त्यांनी ग्रंथालयाच्या किल्ल्या कार्यवाहांकडे आणून दिल्या. मंडळाच्या पायऱ्या ते पुन्हा फारसे चढले नाहीत.

त्या ज्येष्ठांच्या म्हणण्यात काही तथ्य नव्हते असे नाही, आणि ते येथे मांडले पाहिजे. महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या आपल्यासारख्या समाजाला फूट परवडत नाही. पुण्यात एका संस्थेचे भांडण झाले तर दुसरी संस्था निघते. आपल्याकडे एक मंडळ फुटले तर बहुधा दोन्ही अर्धी बंद पडतात. शिवाय स्पर्धा माणसाला काय करावयास लावते तेही आपण पाहिले आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी चांगल्या चांगल्या लेखकांना मतदारांचे उंबरठे झिजवावे लागत. २०१८ मध्ये महामंडळाने ती निवडणूक बंद केली आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची सन्मानाने निवड झाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मग मी दुटप्पी आहे काय?

विचार करता असे वाटते की, संमेलनाचे अध्यक्षपद हा मान आहे. मान सर्वांनी मिळून द्यावा. तो मागण्याने हलका होतो. पक्षाचे नेतृत्व म्हणजे सत्ता. सत्तेने इतरांच्या आयुष्यात बदल घडतो, म्हणून तिच्यावर हक्क सांगणाऱ्याने तो उघडपणे सांगावा आणि इतरांनी तो उघडपणे नाकारावा किंवा मान्य करावा. घोटाळा होतो तो सत्तेला मानाची वस्त्रे नेसविली म्हणजे. सुरतेला अध्यक्षपद हा मान आहे असे म्हणत दोन्ही पक्ष सत्तेसाठी लढत होते. आमचे मंडळ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते : सभागृहाच्या किल्ल्या, थोडी ठेव, आणि ग्रंथालयात कोणती पुस्तके यावीत याचा निर्णय. एवढीशी सत्ता. पण अण्णांना त्या शेवटच्या गोष्टीविषयी काही म्हणावयाचे होते, असे मला नंतर दुसऱ्यांकडून कळले. अर्ज मागे घेतल्यामुळे ते काय, हे सभेपुढे कधी आलेच नाही. मी त्यांना विचारावयास हवे होते. अध्यक्ष म्हणून सहा वर्षे होतो, विचारले नाही.

आणि ‘इच्छा नसताना, सर्वांच्या आग्रहास्तव’ हे शब्द मी त्या सभेतील भाषणात वापरले होते. ते खरे नव्हते. मला ते पद हवे होते. अण्णांनी जे कागदावर लिहून दिले तेच मी मनात बाळगले. फरक एवढाच की, त्यांच्या इच्छेला लालसा म्हटले गेले आणि माझ्या इच्छेला सेवाभाव.

यंदाच्या दिवाळीत फराळाच्या निमित्ताने अण्णांकडे गेलो. ते आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. दांडिया बाजारातले ते घर गेले. मुलाच्या सदनिकेत राहतात, झोपाळा तेथे नाही. वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या. बोलता बोलता मी तो विषय काढला आणि जे म्हणावयाचे होते ते कसेबसे म्हटले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अहो, मी निवडून येणार नाही हे मला ठाऊक होतं. कोण कोण मला मत देतील त्यांची एक यादी मी करून ठेवली होती. ती बरोबर निघते की नाही, एवढंच मला बघायचं होतं.”

यादीत किती नावे होती, ते मी विचारले नाही. सूनबाईंनी चहा आणला, आणि बोलणे त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेकडे वळले.